थंडी त्यांची वैरी नव्हे

वन्यजीवनावरचा एकच माहितीपट सुचवा असं कुणी म्हटलं, तर मी ल्यूक जाके या फ्रेंच दिग्दर्शकाच्या ‘मार्च ऑफ द पेंग्विन्स’चं नाव घेतो. २००५ साली आलेल्या या माहितीपटाला पुढच्याच वर्षी ऑस्कर मिळालं. अंटार्क्टिकातल्या एम्परर पेंग्विनांचा विणीचा हंगाम त्यात टिपला आहे.

त्यातली अंड्याची देवघेव जीव मुठीत धरून पाहावी लागते. मादीला अंडं नराच्या स्वाधीन करायचं असतं. दोघं समोरासमोर येतात, अंडं बर्फावरून सरकतं आणि नर ते लगबगीने पायांवर घेऊन पोटाच्या घडीखाली झाकतो. एका जोडीला हे साधत नाही. उघडं पडलेलं अंडं गोठून तडकतं आणि त्यांचं सबंध वर्ष वाया जातं.

मादी समुद्राकडे गेली की नर सुमारे दोन महिने उपाशीपोटी अंडं उबवतात. पारा उणे ४० अंशांपर्यंत उतरलेला, वर झोंबरा वारा. शेकडो नर एकमेकांना खेटून उभे राहतात. घोळका सतत हळूहळू सरकत असतो. कडेचे आत येतात, आतले कडेला जातात.

हे पाहताना त्याग, पितृप्रेम असे शब्द सहज ओठांवर येतात. अमेरिकेत काहींना तर यात एकनिष्ठ कुटुंबाचा आदर्श दिसला. प्रत्यक्षात बहुतेक एम्परर पेंग्विन पुढच्या हंगामात नवा जोडीदार निवडतात. त्यांच्याविषयी माया वाटायला ते आपल्यासारखे कशाला असायला हवेत?

थंडीला खलनायक ठरवणं ही तर आणखी मोठी गफलत. अंडं गोठवणारा तोच बर्फ पिल्लांच्या पायाखालची जमीन असतो. पाण्यात तग धरणारी पिसं येईपर्यंत तो शाबूत राहावा लागतो. २०२२ मध्ये बेलिंग्सहाउझेन समुद्रातला बर्फ वेळेआधीच फुटला. तिथल्या पाचपैकी चार वसाहतींत त्या हंगामात एकही पिल्लू वाचलं नसावं, असा उपग्रहचित्रांवरून संशोधकांनी निष्कर्ष काढला.

थंडीशी जुळवून घ्यायला या पक्ष्यांना हजारो पिढ्या मिळाल्या. वाढत्या उष्म्याशी जुळवून घ्यायला आपण त्यांना तेवढी सवड दिलेली नाही. म्हणून हा माहितीपट घरातल्या मुलांसोबत जरूर पाहा, आणि तो संपल्यावर २०२२ची हकीकतही त्यांना सांगा.