सोसण्याचा हिशेब

सोसणे हा सद्गुण आहे, असे आपल्याकडे लहानपणापासून शिकवतात. मीही वर्गात तेच शिकवीत आलो. गेल्या वर्षी एका अर्जाच्या निमित्ताने या शिकवणुकीविषयी प्रथमच शंका आली. ती वाचकांपुढे ठेवतो.

मला सिकलसेलचा आजार आहे. विदर्भात तो पुष्कळ घरांना ठाऊक आहे. आईबापांकडून तो रक्तातच येतो. तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, बारीक वाहिन्यांत अडकतात, आणि मग हाडांतून अशा कळा निघतात की रात्र सरत नाही. एरवी मी चारचौघांसारखाच दिसतो. याच दुखण्यापायी मॅट्रिकपुढे शिकलो नाही. एका खाजगी शाळेत धाकट्या वर्गांना शिकवतो, उरल्या वेळी कादंबऱ्या लिहितो. आजारपणाचे दिवस बिनपगारी जातात.

१९९५ च्या कायद्यात अपंगत्वाचे ७ प्रकार होते. रक्ताच्या आजारांना त्यांत जागा नव्हती. २०१६ च्या कायद्याने ते २१ केले आणि सिकलसेलचे नाव त्यांत आले. मात्र बहुतेक लाभांसाठी अपंगत्व निदान ४० टक्के भरावे लागते. मुलांना ३५ गुणांवर पास करणारा मी मास्तर. येथे मला ४० मिळवायचे होते, आणि तेही दुबळेपणाचे!

अर्ज केला, तपासणीची तारीख मिळाली. नेमके त्या दिवशी मला काहीच दुखत नव्हते. दवाखान्याचा जिना चढताना क्षणभर मनात आले, जरा लंगडावे. मग लाज वाटली आणि सरळ चालत गेलो.

डॉक्टर सज्जन होते. त्यांनी विचारले, "गुरुजी, वर्षभरात कळा किती वेळा आल्या?"

"नऊदहा वेळा तरी."

"दवाखान्यात भरती किती वेळा झालात?"

"दोनदा."

"आणि बाकीच्या वेळी?"

"घरीच सोसले."

"त्याचे काही कागद?"

सोसण्याचे कागद कोठून आणणार? कागदावाचून त्यांनी तरी काय मोजावे? माझा आकडा ४० च्या खालीच राहिला.

परतताना एसटीत मी विचार करीत होतो. लंगडलो असतो तर ते असत्य झाले असते, याविषयी मला संशय नाही. पण "कसे आहात?" असे कोणी विचारले की "बरा आहे" असे जे मी वर्षानुवर्षे सांगत आलो, ते तरी सत्य होते काय? दुखणे वाढवून सांगणे खोटे, तर लपवणे खरे कसे? पहिल्याला आपण ढोंग म्हणतो आणि दुसऱ्याला धीर. मुकाट सोसणाऱ्याचे दुःख इतरांना अडचणीचे होत नाही, म्हणून तर आपण त्याची एवढी स्तुती करीत नसू?

कादंबरीत परक्यांची दुःखे मी पानेच्या पाने लिहिली. स्वतःचे दुःख दोन वाक्यांत सांगायची वेळ आली, तेव्हा "घरीच सोसले" एवढेच सुचले. आणि खरे सांगायचे तर ते म्हणताना थोडा अभिमानही वाटला.

मग माणसाने ऊठसूट कण्हत राहावे काय? नव्हे. कण्हणे निराळे, सांगणे निराळे. हक्क मागणे ही याचना नाही, ती साक्ष आहे. साक्षीदाराने पदरचे घालू नये, तसेच काही गाळूही नये. मी गाळले. त्याची किंमत मी एकट्यानेच दिली असती तर हा लेख लिहिण्याचे कारण नव्हते.

पण माझ्या वर्गात याच आजाराचा एक मुलगा आहे. कळ आली की बाकावर डोके टेकून गप्प राहतो. "बघा, किती सोशिक आहे!" असे मीच त्याचे सर्वांदेखत कौतुक करीत असे.

दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत मी त्याला जवळ बोलावले. म्हटले, "यापुढे दुखले की मला सांगायचे."

तो घाबरला. "गुरुजी, मी रडत नाही," म्हणाला.

"ठाऊक आहे," मी म्हणालो, "पण दुखते ना?"

त्याने बऱ्याच वेळाने मान हलवली. मी हजेरीपटाच्या मागे कोरी वही ठेवली होती. तिच्यात तारीख घातली आणि त्याला विचारले, "कोठे दुखते, सांग."