सहज मिळालेली मासळी

मासे धरावयास नव्याने शिकणाऱ्यास प्रथम काय शिकवावे? गळास गांडूळ लावणे, पाग फेकणे, हे हात लवकर शिकतो. काय सोडून द्यावे हे मनास शिकावे लागते. कोकणात मृगाच्या पावसात चढणीचे मासे अंडी घालावयास ओहोळांतून शेतांत शिरतात. तेव्हा नवख्याचीही टोपली भरते. परंतु त्या मासळीच्या पोटी गाभोळी असते, व तिजबरोबर पुढील हंगामही टोपलीत जातो. भुकेल्याने कालवणापुरते घेतले, तर आम्ही त्यास दोष देत नाही. सारा ओहोळ अडविणे मात्र अन्याय होय. महाराष्ट्राच्या समुद्रात जून-जुलैत यांत्रिक नौकांस मनाई असते. ओहोळावर पहारा कोणाचा? वाचकहो, तेथे आपली सदसद्विवेकबुद्धीच जागी असावी.