पाहुणा कोणाचा?

स्थलांतर करणाऱ्या पक्ष्यांना मराठीत ‘पाहुणे’ म्हणण्याची रीत आहे. शब्द मायेचा आहे. पण त्यात एक दावाही दडलेला आहे. पाहुणा आला की यजमान आला, यजमान आला की घर आले, आणि घर म्हटले की मालकी आली. परसातल्या झाडावर उतरलेल्या पाखराकडे पाहणारा माणूस नकळत स्वतःला यजमान समजू लागतो. हे यजमानपण त्याला कोणी दिले, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही.

वसंत हा या प्रश्नाचा खरा ऋतू होय. युरोपात वसंत पाखरे घेऊन येतो. भारतात तो त्यांना घेऊन जातो. माघ-फाल्गुनात दख्खनच्या माळांवर आणि गावालगतच्या रानांत काटेसावर, पळस, पांगारा फुलतात आणि त्यांवर भोरड्यांचे थवे कलकलाट करीत उतरतात. गुलाबी अंग, काळेभोर डोके, काळे पंख आणि माथ्यावर शेंडी असा हा पक्षी. पळसमैना हे त्याचे दुसरे नाव त्याच्या पळसाशी असलेल्या नात्याची खूण आहे. फुलातला मध पिताना त्याच्या कपाळाला पराग माखतात आणि एका झाडाचे दुसऱ्या झाडाशी नाते जुळते. चैत्र सरता सरता एखाद्या सकाळी ही झाडे मुकी होतात. थवे मध्य आशियातील गवताळ प्रदेशांकडे निघालेले असतात. तेथे दगडांच्या कपारींत घरटी होतात, पिले वाढतात, आणि येथला पावसाळा संपण्यापूर्वीच थवे परतू लागतात. जन्म तिकडचा, वर्षाचा अधिक काळ मात्र इकडचा. मग यातले घर कोणते आणि पाहुणचार कोठला?

परसातून पाहणाऱ्याला जे पाखरू वसंताचा अलंकार वाटते, तेच ज्वारीच्या शेतकऱ्याला संकट वाटते. कणसे हुरड्यात आली की भोरड्यांचा थवा शेतावर कोसळतो. मग माळ्यावर उभे राहून, हातात गोफण घेऊन, दिवस उगवल्यापासून राखण करावी लागते. एका थव्याने घरातला महिन्याचा दाणा नेला, तर त्या घराने सौंदर्याचे कौतुक कोणत्या तोंडाने करावे?

याच्या नेमके उलट चित्र चीनमधील शिंच्यांग प्रांतात दिसते. तेथल्या कुरणांवर टोळांचे संकट असते आणि पिलांना भरवणाऱ्या भोरड्या टोळ फस्त करतात. म्हणून गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांपासून तेथे त्यांच्यासाठी मुद्दाम दगडांचे ढीग आणि घरटी रचली जात आहेत. एकाच पाखरावर एके ठिकाणी गोफणीचा दगड येतो, तर दुसऱ्या ठिकाणी त्याच दगडाचे घरटे होते. पाखरू मात्र दोन्हीकडे तेच असते. ते चोर नाही आणि राखणदारही नाही. ही दोन्ही पदे त्याला माणसाने आपापल्या बांधावरून बहाल केलेली आहेत.

येथे एक नैतिक प्रश्न उभा राहतो. ज्याच्या आयुष्याचा एक तुकडाच आपल्या दृष्टीच्या टप्प्यात येतो, त्याचा न्याय करण्याचा अधिकार कोणाला? शेतकऱ्याचा न्याय अपुरा आहे, हे सांगणे सोपे. पण परसातल्या रसिकाचा न्यायही तितकाच अपुरा आहे. किंबहुना अधिक, कारण त्याच्या आनंदाची किंमत दुसराच कोणी मोजत असतो. शेतकऱ्याची चूक झाली तरी ती भुकेपोटी होते. रसिकाचे औदार्य मात्र परभारे असते.

नागालँडमधील पांग्ती गावाची कथा या दृष्टीने विचार करायला लावणारी आहे. पूर्व सायबेरिया व उत्तर चीनमधून आफ्रिकेकडे जाणारे अमूर ससाणे शरद ऋतूत दोयांग जलाशयाच्या परिसरात लाखोंच्या संख्येने विसावतात. २०१२ साली तेथे जाळी लावून त्यांची प्रचंड कत्तल झाल्याचे जगाला कळले आणि सर्वत्र धिक्कार झाला. पुढल्याच वर्षी, २०१३ साली, गावांनी शिकार थांबवली. हे परिवर्तन थोर खरे. पण त्यात मिळकत सोडली ती गावकऱ्यांनी, धिक्कार करणाऱ्यांनी नव्हे. पक्षी वाचले याचे समाधान अनेकांच्या वाट्याला आले; त्याचे मोल थोड्यांनी चुकवले.

म्हणून पाहण्याचा आनंद पाप ठरत नाही. निरपेक्षपणे पाहणे ही माणसाच्या चांगुलपणाची पहिली पायरीच आहे. मात्र ज्याला केवळ पाहायचे आहे तो साक्षीदार आहे, यजमान नव्हे. यजमान तो, ज्याच्या ताटातले काहीतरी कमी होते.

दख्खनच्या बांधांवर आजही पळस उभे दिसतात. त्यांची सावली पिकाला मारते, हे शेतकऱ्याला ठाऊक असते, तरी तो प्रत्येक झाडावर कुऱ्हाड चालवीत नाही. पौषात जो भोरड्यांवर गोफण फिरवतो, त्याच्याच बांधावर फाल्गुनात त्या मध पितात. त्याने त्यांना कधी पाहुणे म्हटलेले नसते.