शंभर टक्के हजेरी

2023च्या जुलैत आळंदीत पोरांचे डोळे यायला लागले आणि बघता बघता साथ राज्यभर पसरली. घाटकोपरला असल्फ्याच्या डोंगरवस्तीत चौथीतला एक मुलगा सकाळी उठला, तर पापण्या चिपडांनी घट्ट चिकटलेल्या. आईने कोमट पाण्याने डोळे पुसले आणि बाबांचा काळा गॉगल लावून दिला. "कुणाकडे बघू नकोस, म्हणजे झालं." तिला चार घरची कामं होती, खाडा झाला की पैसे कापतात. शिवाय घरी राहायला मुलगाच तयार नव्हता. जूनपासून त्याचा एकही दिवस बुडाला नव्हता आणि शंभर टक्के हजेरी असणाऱ्यांना 15 ऑगस्टला कंपासपेटी मिळणार होती.

आईचा शब्द त्याने तंतोतंत पाळला. कुणाकडे पाहिलं नाही. डोळा चुरचुरला की बोटाने चोळायचा, त्याच हाताने वह्या वाटायचा, नळाची तोटी फिरवायचा आणि हात पुसायला शेजारच्या मित्राचा रुमाल घ्यायचा. आठवडाभरात मित्राचे डोळे आले, मग पुढच्या बाकावरच्या दोघींचे. तोवर मित्राचाही एक दिवस बुडाला नव्हता.

सोमवारी बाईंनी मॉनिटरच्या तळहातांना गुलाबी रांगोळी चोळली. "आता रोजच्यासारखा वाग." मधल्या सुट्टीपर्यंत रंग वह्यांवर, तोटीवर, दाराच्या कडीवर पोचला होता. दोघांच्या गालांवर होता, एकीच्या तर थेट पापणीवर. मुलं खदखदून हसली.

"नुसतं बघून कुणाला रंग लागला का?" बाईंनी विचारलं. "डोळे असेच येतात, हातातून. गॉगलने उजेडाचा त्रास कमी होतो, साथ थांबत नाही." मग लसणाच्या जाळीत साबणाची वडी घालून त्यांनी ती नळाला बांधली.

गॉगलवाला हसला नव्हता. शाळा सुटल्यावर तो रेंगाळला.

"बाई, माझ्यामुळे झालं का?"

"घरी का नाही थांबलास, बाळा?"

"हजेरी गेली असती."

बाई गप्प झाल्या. स्वच्छतेचे धडे आपण रोज देतो आणि बक्षीस मात्र अंगात ताप असताना शाळा गाठणाऱ्याला देतो, हे मला फार घातक वाटतं. मूल धड्यापेक्षा बक्षिसाकडे बघून वागतं. बाईंनाही तेच उमगलं असावं. मुख्याध्यापक सहजी ऐकेनात. नियम जुना होता. पण शेवटी ठरलं: आजारपणाची रजा पालकांनी कळवली, तर ती गैरहजेरी धरायची नाही.

आईच्या खाड्याचा प्रश्न नियमाने सुटणारा नव्हता. बाईंनी त्या गल्लीतल्या आयांना बोलावलं. कुणी सकाळी कामाला जाई, कुणी दुपारी. आजारी मुलावर आळीपाळीने लक्ष ठेवायचं, त्याचा टॉवेल आणि उशी वेगळी ठेवायची, हे त्यांनीच ठरवलं. डॉक्टरकडे जायलाही वेळ नसे, तर रात्री दहापर्यंत उघडा असणारा पालिकेचा 'आपला दवाखाना' एकीला माहीत होता.

ऑगस्टमध्ये एका सकाळी बाईंच्या फोनवर आवाज आला, "बाई, माझा डोळा लाल झालाय. बरा होईपर्यंत मी येणार नाही. बाकावरच्या माझ्या जागेवर कुणाला बसायचं असेल, तर आधी ती पुसून घ्यायला सांगा."