सहीच्या आधी

लाडक्या भाचीस,


तू मुख्याध्यापिकेचा चार्ज घेतलास, हे तुझ्या आईकडून कळलं. चार्ज यादीवर सही करताना तुझा हात थरथरला म्हणे. थरथरू दे. जनरल रजिस्टर, किर्द, डेडस्टॉक, चव रजिस्टर, समितीचं इतिवृत्त... यापुढे रोज कुठं ना कुठं तुझी सही लागेल, आणि वर्षभरात हाताला तिची इतकी सवय होईल की कशावर सही करतोय हे डोळ्यांना कळणारही नाही. माझं तसंच झालं होतं, म्हणून हे पत्र.

बीड जिल्ह्यातल्या त्या गावात माझी मुख्याध्यापिका म्हणून पहिलीच नेमणूक. शालेय पोषण आहाराचा नियम तुला माहीत आहेच. पहिली ते पाचवीच्या मुलामागे शंभर ग्रॅम तांदूळ, वीस ग्रॅम डाळ, आणि वाढण्याआधी आपल्यापैकी कुणीतरी चव घेऊन नोंद करायची. मी सोमवारीच बसून शनिवारपर्यंतच्या नोंदी उरकून टाकायची. ‘चव उत्तम’, खाली सही. श्रावणातल्या एका गुरुवारी व्हरांड्यातून जाताना करपल्याचा वास आला. तिसरीतली एक मुलगी ताटलीतला भात बोटानं कडेला सारत होती आणि त्यातले वाटाणे तेवढे वेचून खात होती. मी खिचडी तोंडात घातली. डाळ कच्ची, बुड लागलेलं. मी स्वयंपाकीण मावशींवर सगळ्या पोरांदेखत ओरडले.

मावशींनी पदराला हात पुसले आणि म्हणाल्या, “बाई, लाकडं वली हायेत. सोमवारपासनं. तुम्ही एक दिस चाखायला आला असता तर सांगितलं असतं.”

ऑफिसात येऊन रजिस्टर उघडलं. त्या गुरुवारच्या रकान्यात माझ्याच अक्षरात, माझ्याच पेनानं ‘चव उत्तम’ लिहिलेलं होतं. शुक्रवारच्या आणि शनिवारच्याही. ते पान मी आजवर विसरले नाही. दुसऱ्या दिवशी परिपाठाला सगळ्यांसमोर मावशींची माफी मागितली. ओरडले सगळ्यांसमोर होते, मग माफी एकांतात मागून कशी चालेल?

त्या दिवसापासून मी मुलांच्या पंगतीत बसून जेवू लागले. कुठल्याही प्रशिक्षणात मिळालं नसतं ते मला त्या पंगतीत मिळालं. सोमवारी खिचडी हमखास कमी पडायची. महिनाभर पाहिल्यावर लक्षात आलं, रविवारी शाळा नसते आणि काही घरांत रविवारी पोटभर शिजत नाही. मावशींना हे आधीपासून ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलंच नव्हतं. १९९५ साली ही योजना आली तेव्हा ऐंशी टक्के हजेरी असलेल्या मुलाला महिन्याला तीन किलो तांदूळ घरी मिळायचा. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं शिजवलेलं अन्नच द्या असं सांगितलं, तेव्हा आम्ही शिक्षक ‘शाळेचा भटारखाना झाला’ म्हणून कुरकुरलो होतो. त्या सोमवारांनंतर मी तो शब्द पुन्हा उच्चारला नाही.

दुसरी सही व्यवस्थापन समितीची. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या बायका असाव्यात असं ठरवलं. कागदावर आमची समिती अगदी कायद्याबरहुकूम होती. सभा सकाळी अकराला ठेवायचो. त्या वेळी सगळ्या आया कुणाच्या ना कुणाच्या शेतात. मग एखाद्या मोठ्या मुलाबरोबर इतिवृत्त घरोघर पाठवायचं, अंगठे आणि सह्या घेऊन यायच्या, ‘सर्वानुमते मंजूर’.

तिसरी सही हजेरीपटाची. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडं ऊसतोडीला माणसं नेणाऱ्या मुकादमाच्या गाड्या लागायच्या. उचल घेतलेली असायची, त्यामुळं थांबणं त्या माणसांच्या हातात नसायचं. नवराबायको मिळून एक कोयता, आणि कोयत्याबरोबर पोरंही पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात. हजेरीपटावर ओळीच्या ओळी ‘गै’ पडायच्या आणि मी महिन्याच्या शेवटी बेरजेखाली सही करायची. डी.एड.ला असताना ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांच्याबद्दल वाचलं होतं. कोसबाडला गुरं राखणारी पोरं शाळेत येईनात तेव्हा त्यांनी कुरणातच शाळा नेली. परीक्षेत त्यावर टीप लिहून मी गुणही मिळवले होते! समोर पोरं गाडीत चढत होती तेव्हा मात्र ते आठवलं नाही.

एका वर्षी समितीतल्या एका आईनं सहीचं इतिवृत्त परत पाठवलं. निरोप असा: सभा रात्री ठेवा, मी येते. रात्री आठला मारुतीच्या देवळात सभा ठेवली. सतरंजी पुरली नाही इतक्या बायका आल्या. मी तासाभराचं भाषण तयार करून नेलं होतं, ते पिशवीतच राहिलं. त्याच बोलत होत्या. कुणाची सासू घरी राहते, कुणाच्या घरात चार पोरं झोपू शकतील, रात्री भाकरी कोण थापील. अशा पोरांना गावातच ठेवून घेणाऱ्या हंगामी वसतिगृहाची योजना मला परिपत्रकातून माहीत होती. गावात ती कशी उभी करायची, हे त्या बायकांनी दोन तासांत ठरवलं. मी फक्त लिहून घेतलं, आणि त्या रात्रीच्या इतिवृत्तावर सगळ्यांनी सह्या केल्यावर सर्वांत शेवटी माझी सही केली.

तरी त्या हंगामात अकरा मुलं गेलीच. ती वाटाणे वेचणारी मुलगीही गेली. तिच्या पाठचं भावंड लहान होतं, फडावर त्याला सांभाळायला कुणीतरी हवं होतं. पाडव्यानंतर ती परत आली तेव्हा चौथीचं वर्ष जवळजवळ संपलं होतं. तिच्या आजीला मी एकदा आधी भेटले असते तर, हे अजून मनात येतं.

तुझ्या शाळेतले एक गुरुजी रोज उशिरा येतात आणि मस्टरवर लाल शेरा मारावा का, असं तू विचारलंस. मारावा लागला तर मार, पण आधी त्यांना एकटं बोलावून विचार. परिपाठाच्या रांगेसमोर तर अजिबात नको.

या महिन्याची समितीची सभा कितीला ठेवलीस, ते कळव.

तुझी,
आत्या