चाहत्यांचे तर्क आणि कलाकृतीवरील अधिकार

एखादी अ‍ॅनिमेशन मालिका पाहून झाल्यावर तिचे चाहते तिच्यातील अनुत्तरित प्रश्नांविषयी जे तर्क मांडतात, ज्यांना ते ‘थिअरी’ म्हणतात, आणि तिच्यातील पात्रांना घेऊन जी चित्रे, कथा वा चित्रफिती स्वतः रचतात, त्या सगळ्याला रिकामटेकडा उद्योग ठरवणे अन्यायाचे आहे. तर्क ही मूळ कृतीवरील टीका आहे, टीका या शब्दाच्या जुन्या, अर्थ उलगडून दाखवण्याच्या अर्थाने. आणि चाहत्याची निर्मिती हे त्या कृतीला दिलेले उत्तर आहे. जपानी अ‍ॅनिमेच्या, म्हणजे जपानमध्ये तयार होणाऱ्या अ‍ॅनिमेशनपटांच्या व मालिकांच्या, इतिहासात याचा पुरावा ठळकपणे सापडतो.

हिदेआकी आन्नो यांनी दिग्दर्शित केलेली ‘निऑन जेनेसिस इव्हँजेलियन’ ही मालिका ऑक्टोबर १९९५ ते मार्च १९९६ या काळात २६ भागांत प्रसारित झाली. क्रूस, मृत समुद्राजवळ सापडलेल्या प्राचीन हस्तलिखितांच्या गुंडाळ्या, ज्यू गूढवादातील जीवनवृक्ष अशा प्रतीकांनी ती भरलेली असल्याने चाहत्यांनी त्यांच्या आधारे अर्थांच्या मोठमोठ्या रचना उभ्या केल्या. पुढे सहदिग्दर्शक काझुया त्सुरुमाकी यांनी स्पष्ट केले की ख्रिस्ती प्रतीके मुख्यतः मालिकेला वेगळे रूप यावे म्हणून घेतली होती, त्यांमागे धार्मिक आशय नव्हता. मग चाहत्यांचे सारे तर्क फोल ठरले काय? तसे मानता येत नाही, कारण तर्काची कसोटी निर्मात्याच्या हेतूवर नसून तो पडद्यावरील दृश्यांवर आणि संवादांवर बोट ठेवून किती गोष्टींची संगती लावतो, यावर अवलंबून असते. अर्थात हीच कसोटी उलट बाजूनेही लागू होते: जो तर्क गैरसोयीची दृश्ये वगळून उभा राहतो, तो कितीही चमकदार असला तरी त्याला वाचन म्हणता येणार नाही.

मालिकेच्या शेवटच्या दोन भागांनी बाह्य संघर्षाचा शेवट न दाखवता शिंजी या किशोरवयीन नायकाच्या मनात प्रवेश केला, आणि अनेक चाहते दुखावले. १९९७च्या ‘द एंड ऑफ इव्हँजेलियन’ या चित्रपटाने तोच शेवट वेगळ्या वाटेने सांगितला. त्यात चित्रपटगृहात बसलेले प्रेक्षक दिसतात आणि चाहत्यांचे संतप्त संदेशही क्षणभर झळकतात. चाहत्यांना कृतीचा अर्थ लावण्याचा पूर्ण अधिकार आहे, पण तिने आपल्याच तर्काप्रमाणे संपावे असा हुकूम सोडण्याचा अधिकार त्यांना नाही, हे या प्रसंगातून दिसते. ज्याला वेगळा शेवट हवा असेल त्याने तो स्वतः रचावा, आणि जपानमध्ये त्यासाठी जागा फार पूर्वीच तयार झाली होती.

डिसेंबर १९७५मध्ये तोक्योत ‘कॉमिक मार्केट’ हा मेळा पहिल्यांदा भरला, तेव्हा त्यात ३२ गट आणि सुमारे ७०० माणसे होती. येथे ‘दोजिन्शी’, म्हणजे हौशी मंडळींनी स्वतः छापलेल्या पुस्तिका, विकल्या जातात. त्यांतील अनेक लोकप्रिय कृतींतील पात्रांवर बेतलेल्या असतात. विक्रेते, खरेदीदार आणि व्यवस्था पाहणारे स्वयंसेवक या सर्वांना तेथे सारखेच सहभागी मानले जाते, आणि हे तत्त्व फार मोलाचे आहे, कारण त्यामुळे वाचक व निर्माता यांच्यातील भिंत पडते. ती किती सहज पडू शकते हे खुद्द आन्नो यांच्याच आयुष्यात दिसते. १९८१ आणि १९८३मध्ये ओसाकातील विज्ञानकथा संमेलनांसाठी आन्नो आणि त्यांच्या मित्रांनी केलेल्या दोन लहान अ‍ॅनिमेशनपटांत इतरांच्या गाजलेल्या कृतींतील पात्रे व यंत्रे मुक्तपणे वावरतात. त्याच मंडळातून १९८४मध्ये गायनॅक्स हा स्टुडिओ निघाला, आणि ‘इव्हँजेलियन’ तेथूनच आली.

कायद्याच्या नजरेने चाहत्यांचे असे साहित्य बहुधा परवानगीविनाच तयार होते. तरीही जपानमध्ये प्रताधिकारभंगाच्या बहुतेक गुन्ह्यांत हक्कधारकाच्या तक्रारीशिवाय खटला भरला जात नसे, आणि अनेक हक्कधारकांनी तक्रार न करणेच पसंत केले. ३० डिसेंबर २०१८पासून काही गुन्ह्यांत तक्रारीची अट काढण्यात आली, मात्र हा बदल मूळ कृतीच्या जशाच्या तशा प्रतींपुरता मर्यादित ठेवण्यात आला, आणि मूळ कृतीत बदल करून रचलेली दोजिन्शी त्या तरतुदीबाहेर राहिली.