वहिवाटीचा हक्क

लिव्हरपूल शहरातील ॲनफील्ड या फुटबॉल मैदानाच्या एका टोकाला 1906 साली प्रेक्षकांसाठी जो प्रचंड उतरता चौथरा उभारला गेला, त्याचे ‘स्पायन कॉप’ हे नाव दक्षिण आफ्रिकेतील एका टेकडीवरून पडले आहे. 1900 सालच्या जानेवारीत, बोअर युद्धात, त्या टेकडीवर लँकेशायरच्या पलटणींतील पुष्कळ जवान कामी आले. पुढे लिव्हरपूल क्लबाचे मालक बदलले, 1994 साली उभे राहण्याच्या पायऱ्या जाऊन त्या जागी खुर्च्या आल्या, तरीही नाव टिकले, कारण ते दफ्तरात नव्हे, तर पिढ्यान्‌पिढ्या तेथे येणाऱ्या माणसांच्या मुखात नोंदलेले होते.

आपल्याकडच्या जमिनीच्या कज्ज्यांत मालकी आणि वहिवाट हे दोन शब्द शेजारी नांदतात. खरेदीखत ज्याच्या नावे, तो मालक खरा. परंतु ज्या पायवाटेने सारा गाव आज्या-पणज्यांपासून पाणवठ्यावर गेला, ती वाट त्याला आपल्या मर्जीने बुजवता येत नाही. फुटबॉल क्लबावरचा समर्थकांचा हक्क माझ्या मते याच जातीचा आहे. कार्डिफ क्लबाच्या मालकाने 2012 साली संघाचा निळा पोशाख लाल केला आणि समर्थकांच्या दीर्घ विरोधानंतर 2015 च्या जानेवारीत निळा रंग परत आला, तेव्हा वहिवाटच सिद्ध झाली. समर्थकाला गिऱ्हाईक म्हणणे हा विचाराचाच दोष होय. गिऱ्हाईक भाव पटला नाही तर शेजारच्या दुकानी जाते; हा मनुष्य मात्र संघ हरत असतानाही त्याच दाराशी येतो, आणि तो अन्यत्र जाणार नाही हे पक्के ठाऊक असल्यामुळेच त्याच्याकडून वाटेल ते दाम वसूल करण्याचा मोह मालकास होतो. निष्ठेवरच कर बसविण्याचा हा प्रकार मला सर्वथैव अन्यायाचा वाटतो.

हा अन्याय टाळण्याची वाट पूर्वीच दाखवली गेली होती. 1989 साली हिल्सबरो मैदानावरील चेंगराचेंगरीत लिव्हरपूलच्या 97 समर्थकांचा अंत झाला. त्यानंतर न्यायमूर्ती टेलर यांनी 1990 च्या अहवालात मोठ्या मैदानांवर सर्वांसाठी खुर्च्या असाव्यात अशी शिफारस केली. पण त्याच अहवालात त्यांनी ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानाचे, बसून पाहण्यास 6 पौंड आणि उभ्याने पाहण्यास 4 पौंड, हे दर दाखल्यादाखल देऊन, आजवर उभा राहणाऱ्याच्या खिशाला झेपेल अशी दररचना करणे शक्य असावे, असेही नमूद केले होते. खुर्च्या आल्या, दरांविषयीची ती सूचना मात्र दप्तरी दाखल झाली.

यावर प्रतिपक्षाचे म्हणणे असे की, दर चढले तरी मैदाने भरलेलीच असतात, मग तक्रार कसली? मैदान भरते हे खरे; प्रश्न ते कोणी भरते हा आहे. फुटबॉलची निष्ठा जाहिरातीने लागत नाही. ती बापाच्या किंवा आजोबाच्या बोटाला धरून, गर्दीच्या आवाजात, सातव्या-आठव्या वर्षी लागते, आणि दोन तिकिटांचे पैसे जेथे घरभाड्याच्या बरोबरीने मोजावे लागतात, तेथे ते बोट सुटते. शिवाय 2016 पासूनच्या तीन हंगामांसाठी ब्रिटनमधील दूरचित्रवाणीच्या हक्कांचे 5 अब्जांहून अधिक पौंड प्रीमियर लीगला मिळायचे होते. ज्या गजरामुळे त्या चित्राला मोल आले, तो गजर करणाऱ्यांकडूनच अधिक वसुली करण्याची निकड त्या समयी कोणती होती?

त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत ॲनफील्डच्या मालकांनी बांधकाम चालू असलेल्या नव्या मुख्य स्टँडमध्ये सर्वांत महाग तिकीट 77 पौंडांचे ठेवल्याचे जाहीर केले. 6 तारखेस सुंदरलँडविरुद्ध सामना होता. लिव्हरपूल 2-0 ने पुढे असताना 77 व्या मिनिटाला सुमारे दहा हजार समर्थक उठले आणि बाहेर पडले. चारच दिवसांत मालकांनी माफी मागून तो दर मागे घेतला व 59 पौंडांचा जुना कमाल दर दोन हंगामांपुरता कायम केला. मार्चमध्ये लीगच्या सर्व क्लबांनी परगावाहून येणाऱ्या समर्थकांच्या तिकिटावर 30 पौंडांची मर्यादा घातली, तीमागे समर्थक संघटनांची वीस पौंडांच्या मागणीची कित्येक वर्षांची चळवळ होती.

पण मला त्या विजयापेक्षा ते उठणेच अधिक मोलाचे वाटते. 77 पौंडांच्या खुर्च्या अगदी थोड्या होत्या. उठून गेलेल्या बहुतेकांवर तो भार कधी पडणारच नव्हता. आणि आपल्या संघाच्या विजयाकडे पाठ फिरवून ते दरवाजांबाहेर गेले, तेव्हा त्यांच्या मागे अखेरच्या काही मिनिटांत सुंदरलँडने दोन गोल केले, सामना बरोबरीत सुटला, आणि ती वार्ता त्यांना रस्त्यावर कळली.